घरातल्या आठवणींना घरचाच सर्व्हर

शिर्डी, प्रतिनिधी

‘साहेब, डिस्क गेली. बॅकअप आहे ना?’

जून २०२५ मध्ये राहात्यातील एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात प्रस्तुत प्रतिनिधीला हा प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा त्याचे उत्तर नव्हते. त्या डिस्कवर चौदा वर्षांची छायाचित्रे होती. बहिणीचे लग्न होते, घराची वास्तुशांत होती, सातबाऱ्याचे उतारे आणि वडिलांच्या आजारपणाचे अहवाल होते. शिवाय आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या २०११ मध्ये एका साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आजी आता हयात नाही. सुरू करताच ‘टक टक’ असा आवाज करणारी ती डिस्क पुन्हा उघडली नाही. कोपरगावच्या आतेभावाने घरातले जुने मेमरी कार्ड शोधून काढले, तेव्हा त्यावर ओव्यांची एक फाइल सापडली. चार मिनिटांची. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

ही गोष्ट एका घराची असली तरी तिच्यासारख्या गोष्टी बहुतेक घरांत घडण्याच्या वाटेवर आहेत. पूर्वी छायाचित्रे कपाटातल्या अल्बममध्ये असत. वाळवी लागे, रंग उडे, पण सगळी एका क्षणात नाहीशी होत नसत. आज ती मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हवर, जुन्या लॅपटॉपवर आणि कोणत्या तरी विसरलेल्या ई-मेल खात्यात विखुरलेली असतात. त्यांना एका जागी आणून त्यांच्या प्रती ठेवण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे घरचा फाइल सर्व्हर. नाव भारदस्त असले तरी काम अवघड नाही. संगणकाचा स्क्रू कधीही न उघडलेल्या माणसालाही दोन रविवारांत ते जमते. त्या घटनेनंतर आमच्या घरी असा सर्व्हर उभा राहिला. तो कसा उभारायचा, त्यात कोठे चुका होतात आणि पैसे कोठे वाचवू नयेत, याची ही माहिती.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे कायम चालू राहणारा आणि इतर संगणकांना सेवा देणारा संगणक. घरच्या फाइल सर्व्हरला पडदा लागत नाही, की-बोर्ड लागत नाही. एका कोपऱ्यात तो राउटरला जोडून ठेवायचा. त्यात मोठ्या क्षमतेच्या एक-दोन हार्ड डिस्क असतात. घरातील प्रत्येक मोबाइल आणि लॅपटॉप घरच्या वाय-फायवरून त्यावर फाइली ठेवू शकतो व वाचू शकतो. कंपन्यांच्या कार्यालयांत हेच काम मोठी यंत्रे करतात. बाजारात तयार मिळणाऱ्या अशा पेट्यांना ‘नॅस’ म्हणतात. परंतु डिस्कविना रिकाम्या पेटीचीच किंमत अनेकदा एखाद्या जुन्या संगणकापेक्षा अधिक असते.

मग ‘क्लाउड’ काय वाईट, असा प्रश्न येईल. क्लाउड सोयीचा आहे, पण तो भाड्याच्या खोलीसारखा आहे. गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि त्यानंतरची छायाचित्रे खात्याच्या १५ जीबीच्या मोफत हिश्श्यात धरली जाऊ लागली, तेव्हा अनेक घरांना हे कळले. घरचा सर्व्हर क्लाउडचा शत्रू नव्हे. सर्वांत मोलाच्या मोजक्या फाइली क्लाउडवर आणि सगळा संसार घरी, अशी वाटणी करता येते.

आधी हिशेब, मग खरेदी

किती जागा लागेल, याचा अंदाज कागदावर मांडावा. मोबाइलचे एक छायाचित्र सरासरी ४ एमबी धरू. चार माणसांच्या घरात वर्षाला २० हजार छायाचित्रे निघाली तर ८० जीबी होतात. फुल एचडी दर्जाचा एक तासाचा व्हिडिओ साधारण ७ ते ८ जीबी घेतो. वर्षाला असे दहा तास धरले तर आणखी ७५ जीबी. म्हणजे वर्षाला सुमारे १५५ जीबी आणि दहा वर्षांत दीड टीबी. सामान्य घराला २ टीबीची डिस्क पुरते, ४ टीबीची भरपूर होते. लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या व्यावसायिकांचा हिशेब अर्थातच वेगळा.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ४ टीबीची डिस्क जोडल्यावर विंडोज तिची क्षमता ३.६३ टीबी दाखवते. दुकानदाराने फसवले, असे वाटून अनेक जण परत जातात. फसवणूक नसते. कंपनी टीबी म्हणताना एकावर बारा शून्ये मोजते, तर विंडोज १०२४च्या पटीत मोजते.

जुना संगणक उपयोगी पडतो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाही, असे कितीतरी धडधाकट संगणक त्यामुळे घरांत आणि कार्यालयांत अडगळीत गेले. फाइल सर्व्हरसाठी हेच संगणक उत्तम. ६४ बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी आणि जमल्यास ८ जीबी मेमरी, हार्ड डिस्क जोडण्यासाठी तीन ‘साटा’ जागा आणि गिगाबिट वेगाचे नेटवर्क पोर्ट, एवढे असले की पुरे. ग्राफिक्स कार्ड असल्यास काढून ठेवावे; ते फुकट वीज खाते.

घरी संगणक नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात किंवा नाशिकमध्ये कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त केलेले संगणक मिळतात. तेथे आकाराचा मोह टाळावा. पुस्तकाएवढे छोटे संगणक दिसायला सुबक असतात आणि वीजही कमी घेतात, पण त्यांत साडेतीन इंची डिस्क बसत नाही. मग डिस्क यूएसबीने बाहेर लटकवाव्या लागतात आणि एखाद्या धक्क्याने केबल सुटते. दोन डिस्कसाठी जागा असलेली मध्यम आकाराची पेटी नवशिक्यासाठी बरी. जुना लॅपटॉपही चालतो, मात्र त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी पाहावे. चोवीस तास चार्जरवर राहणारी जुनी बॅटरी धोकादायक ठरते.

विजेचा खर्चही मोजावा. असा संगणक निवांत असताना ३० वॉट घेत असेल तर महिन्याला २१.६ युनिट होतात. युनिटमागे दहा रुपये धरले तर सुमारे २१६ रुपये. तोच ६० वॉट घेत असेल तर खर्च दुप्पट. म्हणून फार जुना, वीजखाऊ संगणक फुकट मिळाला तरी दोन वर्षांत महाग पडू शकतो.

आमच्याकडे संगणक घरचाच होता. २०२५च्या पावसाळ्यात दोन डिस्क, एक छोटी एसएसडी, यूपीएस आणि केबल मिळून सुमारे बावीस हजार रुपये खर्च आला. त्यानंतर, २०२५च्या अखेरीपासून, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या माहिती केंद्रांच्या मागणीमुळे मेमरी आणि डिस्कच्या किमती चढल्या आहेत. त्यामुळे खरेदीच्या दिवशीचा भाव तीन ठिकाणी विचारून घ्यावा. प्रमाण मात्र बदलत नाही. निम्म्याहून अधिक पैसे डिस्कवरच जावेत.

डिस्कमध्ये काटकसर नको

संगणक जुना चालेल. डिस्क नवीच हवी. जुन्या डिस्कवर किती तास काम झाले आहे, हे बाहेरून दिसत नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यात एकूण चाललेले तास दिसतात आणि खराब झाल्यामुळे बदललेले कप्पे, म्हणजे ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’, किती आहेत तेही दिसते. हा आकडा शून्य असावा. तो वाढू लागला की डिस्क निरोप घेत आहे, असे समजावे.

हार्ड डिस्कच्या लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘सीएमआर’ पद्धतीत माहितीच्या रेषा शेजारी शेजारी असतात. ‘एसएमआर’ पद्धतीत त्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे या डिस्कला एका जागी लिहिताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागते आणि ती मंदावते. सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाल्यावर जगभरात ओरड झाली आणि कंपन्यांना प्रत्येक मॉडेलची पद्धत जाहीर करावी लागली. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक पाहून सीएमआर असल्याची खात्री करावी. दुकानदाराला हे शब्द माहीत असतीलच असे नाही.

शिर्डीची हवा, शिर्डीची वीज

परदेशी पुस्तकांत जे लिहिलेले नसते, ते आपल्याला पाहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. अनेक जण ‘आवाज नको’ म्हणून सर्व्हर माळ्यावर टाकतात, ते चूक आहे. डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राहील अशी हवेशीर, सावलीतली जागा निवडावी. जमिनीपासून दोन फूट वर ठेवावा. झाडलोटीची धूळ आत कमी जाते आणि मोरी तुंबली तरी पाणी पोचत नाही.

विजेचा प्रश्न त्याहून मोठा. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी संपूर्ण मांडणीच बिघडते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. साधा इन्व्हर्टर विजेवरून बॅटरीवर येताना जो क्षण घेतो, तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यासाठी संगणकाचा छोटा यूपीएस घ्यावा आणि शक्यतो यूएसबी केबलने संगणकाला जोडता येणारा घ्यावा. मग बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की सर्व्हर बंद करून वीजेची पिन आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढाव्यात.

आमच्या घरी पहिल्याच आठवड्यात आईने विचारले, ‘हे डबडं रात्री बंद करायचं ना?’ सवयीने तिने दोनदा बटण बंद केलेही होते. आता त्या बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरला.

सॉफ्टवेअर फुकट, पण सावकाश

सर्व्हरसाठी लिनक्सवर आधारलेली मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ नवशिक्यांना सोपे जाते. डेबियन लिनक्सवर आधारलेले हे सॉफ्टवेअर २०११ पासून उपलब्ध आहे आणि कमी मेमरीवरही चालते. ‘ट्रूनॅस’ हे पूर्वी ‘फ्रीनॅस’ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर अधिक ताकदवान आहे, पण त्याला किमान ८ जीबी मेमरी लागते आणि शिकायलाही वेळ लागतो. पहिल्या सर्व्हरला ओपनमीडियाव्हॉल्ट पुरेसे आहे. उभारणीचा क्रम असा :

पहिले, दुसऱ्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्टची प्रत त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ या मोफत साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे जुने सगळे पुसले जाते.

दुसरे, जुन्या संगणकात छोटी एसएसडी बसवावी. सॉफ्टवेअर हिच्यावर राहील. माहितीच्या मोठ्या डिस्क वेगळ्या. प्रतिष्ठापना करताना मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. चुकून भलतीच डिस्क निवडली तर ती क्षणात पुसली जाते. ही एक खबरदारी घेतली की निम्मी भीती जाते.

तिसरे, संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत जावे. मुख्य परवलीचा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवावा. शेवटी पडद्यावर सर्व्हरचा नेटवर्क क्रमांक दिसतो; तोही लिहून घ्यावा.

चौथे, संगणक बंद करून मोठ्या डिस्क जोडाव्यात आणि पुन्हा सुरू करावा. यापुढे त्याला पडदा नको. घरातील लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो क्रमांक टाकला की सर्व्हरचे नियंत्रण पान उघडते. आत जाताच मूळ परवलीचा शब्द बदलावा. राउटरमध्ये जाऊन हा क्रमांक सर्व्हरसाठी राखून ठेवावा. नाहीतर तो कधी तरी बदलतो आणि ‘सर्व्हर सापडत नाही’ अशी ओरड घरात सुरू होते.

पाचवे, डिस्कवर फाइल सिस्टीम तयार करावी. नंतर ‘छायाचित्रे’, ‘कागदपत्रे’, ‘ध्वनिमुद्रणे’ असे सामायिक फोल्डर करावेत. घरातील प्रत्येकाला स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द द्यावा. लहान मुलांना छायाचित्रे पाहण्याची मुभा असावी, पुसण्याची नसावी.

सहावे, ‘एसएमबी’ ही सेवा सुरू करावी. विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन या सर्वांना ही भाषा समजते. विंडोजमध्ये फोल्डरच्या पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे सर्व्हरचा क्रमांक टाकला की घरचे फोल्डर समोर येतात. आयफोनच्या ‘फाइल्स’मध्ये सर्व्हरला जोडण्याची सोय आहे, अँड्रॉइडवर तशी मोफत अ‍ॅप मिळतात.

सर्व्हर राउटरला वाय-फायने न जोडता केबलनेच जोडावा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे १०० जीबी छायाचित्रे पंधरा मिनिटांत. अनेक स्वस्त राउटरची पोर्ट मात्र दहापट मंद असतात आणि त्याच कामाला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो. राउटरचा मॉडेल क्रमांक पाहून हे आधीच जाणून घ्यावे.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

बहुतेक नवशिके येथे चुकतात, आणि प्रस्तुत प्रतिनिधीही चुकला. दोन डिस्क असल्या की त्यांना ‘रेड’ पद्धतीने जोडण्याचा मोह होतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, असा तिचा गाभा. त्यातील ‘रेड १’ म्हणजे आरसा. एका डिस्कवर लिहिलेले तत्क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक मेली तरी दुसरीवर काम सुरू राहते.

आमच्या सर्व्हरवर असा आरसा लावला होता. दुसऱ्याच आठवड्यात नको असलेला एक फोल्डर पुसताना शेजारचा पुसला गेला. आरशाने आपले काम चोख केले. दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी गेला. ती छायाचित्रे मोबाइलमध्ये अद्याप होती म्हणून वाचली. आरसा डिस्क मरण्यापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून, विषाणूपासून, चोरीपासून किंवा आगीपासून नाही. सतत चालू राहावे लागणाऱ्या कार्यालयाला त्याचा उपयोग आहे. घराला एक दिवस सर्व्हर बंद राहिल्याने काही बिघडत नाही. घराला जुनी प्रत हवी असते.

म्हणून दोन डिस्क असतील तर पहिली रोजच्या वापराची ठेवावी आणि दुसरीवर रोज रात्री आपोआप प्रत उतरवावी. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये ‘आरसिंक’ नावाची सोय त्यासाठी आहे. ती फक्त बदललेल्या फाइलींचीच नक्कल करते, त्यामुळे पहिल्या रात्रीनंतर काम काही मिनिटांचे उरते. मात्र ‘मूळ जागी पुसलेले येथेही पुसावे’ हा पर्याय बंद ठेवावा. दुपारी झालेली चूक रात्रीपर्यंत लक्षात आली नाही, तरी फाइल दुसऱ्या डिस्कवर राहते.

तीन प्रती, दोन साधने, एक परगावी

संगणक जगात ३-२-१ असा नियम आहे. तो प्रचलित केला पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. तिसऱ्या अटीचे महत्त्व महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत फायलींचे ढीग जळाले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराखाली गेले, तेव्हा घरांच्या तळमजल्यावरील कागदपत्रे आणि त्यांच्या झेरॉक्स एकाच पाण्यात भिजल्या. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे संकटासमोर एकच प्रत.

घरच्या सर्व्हरसाठी याचा अर्थ साधा आहे. एक यूएसबी हार्ड डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा तिच्यावर सगळी नक्कल उतरवावी आणि ती नातेवाइकांकडे ठेवावी. आमची कोपरगावला आतेभावाकडे असते. त्याच्या घरची छायाचित्रे आमच्याकडे असतात. देवाणघेवाण सणावाराच्या येण्याजाण्यातच होते. डिस्कमध्ये बँकेची वा आधारची कागदपत्रे असतील तर ती कूटबद्ध करावी, म्हणजे वाटेत हरवली तरी कोणाला उघडता येणार नाही.

प्रत असणे आणि ती शुद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्या जिल्ह्याला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी हातानेच उतरवली जात राहिली. प्रतीवरून प्रत होताना पाठ बदलले, शब्द शिरले. अखेर शके १५०६ मध्ये, इसवी सन १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. डिस्कवरही असे घडते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फाइलीतील एखादी खूण नकळत बदलते आणि छायाचित्र अर्धे राखाडी दिसू लागते. ‘झेडएफएस’ आणि ‘बीटीआरएफएस’ या फाइल सिस्टीम प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या बेरजेसारखी एक खूण ठेवतात आणि वेळोवेळी ताडून पाहतात. बिघाड दिसला की दुसऱ्या प्रतीतून शुद्ध फाइल आणता येते. नवी डिस्क तयार करताना ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये बीटीआरएफएस निवडण्याची सोय आहे; ती जरूर निवडावी.

दार उघडे ठेवू नका

सर्व्हर चालू झाला की तो बाहेरगावाहूनही दिसावा, अशी इच्छा होते. इंटरनेटवरचे अनेक व्हिडिओ राउटरमधील ‘पोर्ट’ उघडण्याचा सल्ला देतात. नवशिक्यांनी तो मानू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले, ते फाइल सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीतील छिद्रातून. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने थेट इंटरनेटला जोडलेल्या घरगुती नॅस पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाहेरून पोचायचेच असेल तर ‘वायरगार्ड’ किंवा ‘टेलस्केल’सारखा व्हीपीएन वापरावा, ज्यात आपल्या ओळखीच्या उपकरणांनाच वाट मिळते. तोपर्यंत सर्व्हर घरापुरताच ठेवावा. राउटरचा मूळ परवलीचा शब्द बदलावा आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा महिन्यातून एकदा चढवाव्यात.

परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास नको

१९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना पिक्सारच्या सर्व्हरवर एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाचा बराचसा भाग पुसला जाऊ लागला. बॅकअप होता; पण तो नीट उतरतच नव्हता आणि कोणी तपासले नव्हते. गॅलिन सुसमन या तंत्र दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट वाचवला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चुकले, ते आपल्यालाही चुकू शकते.

म्हणून दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवावा. परगावच्या डिस्कवरची एखादी जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. छायाचित्र दिसते का, ध्वनिमुद्रण वाजते का, परवलीचा शब्द आठवतो का? तसेच सर्व्हरची माहिती घरातील आणखी एका माणसाला असावी. सर्व्हर लावणारा माणूस आजारी पडला किंवा परगावी गेला तर सगळा ठेवा कुलपात राहतो. आमच्या घरी एका वहीच्या पहिल्या पानावर क्रमांक, परवलीचे शब्द आणि ‘काय केल्यावर काय होते’ हे मराठीत लिहून ठेवले आहे.

ओव्या कोठे राहतात

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातील अनेक बायांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या ओव्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या, म्हणून गेलेल्या पिढीचा आवाज आज ऐकू येतो. त्या कामामागे अभ्यासक होते, संस्था होती, वर्षानुवर्षांची मेहनत होती. प्रत्येक आजीच्या वाट्याला अभ्यासक येत नाही. तिचे काम घरातल्यांनाच करावे लागते, आणि त्यासाठी एक जुना संगणक पुरतो.

आतेभावाकडून आलेली ती चार मिनिटांची फाइल आता तीन ठिकाणी आहे. सर्व्हरवर आहे, रात्रीच्या प्रतीत आहे आणि कोपरगावला आहे. सर्व्हर सुरू झाला त्या संध्याकाळी आईने ती मोबाइलवर लावली. आजी एका ओवीच्या मध्यावर थांबते आणि फाइल संपते. पुढची ओळ आईला पाठ होती. ती तिने म्हटली आणि या वेळी ती ध्वनिमुद्रित करून ठेवली. गेलेल्या फाइली परत आल्या नाहीत. पण आईला आठवतात त्या ओव्या एकेक करून पुन्हा भरल्या जात आहेत.

सर्व्हर उभारायला वेळ लागेल, पैसे साठवावे लागतील. तोवर एक काम आजच करता येईल. घरातली सर्वांत मोलाची दहा छायाचित्रे आणि एक आवाज निवडा, एका पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावा-बहिणीकडे द्या. सुरुवात तेवढ्यानेही होते.